अर्धा कोयता

ऊसतोडीच्या तळावर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. जोडीतलं एक माणूस पडलं की उरतो तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादमाच्या यादीत बसत नाही. एवढी साधी गोष्ट मला नोकरी संपायला आली तेव्हा कळली, आणि जशी कळली तशी ती कुणाला कळू नये.

मी आरोग्य सेविका. गावात सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे, माझ्या नवऱ्याला ‘सिस्टरचे मालक’ म्हणायचे आणि ते बिचारे ओ द्यायचे. कन्नड तालुक्यात घाटाच्या पायथ्याला माझं उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, लसींचा डबा आणि पाचसहा गावांची सगळी दुखणी. बाकी मग रजिस्टरं. माणूस गेला तरी चालेल पण रकाना रिकामा राहायला नको, असं आम्ही सिस्टर लोक मिटिंगला चहा पिताना हसून म्हणायचो. आता ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

आता मी हर्सूलला लेकाकडं असते. सकाळी तलावावर फिरायला येणाऱ्या बायका विचारतात, “कोरोनात भीती वाटली का हो?” वाटली की! न वाटायला काय झालं? पण त्यांना वाटतं तशी ती दवाखान्यातल्या मुडद्यांची नव्हती. मला भीती वाटली ती भर दुपारी, उन्हात, एका हाताची.

दुसरी लाट आली तेव्हा शिमगा होऊन गेला होता आणि ऊस अजून उभा होता. गावापासून कोसभर अंतरावर तोडणाऱ्यांचा तळ पडलेला. बारा कोप्या एका ओळीत. कोपी म्हणजे बांबूच्या कांबी वाकवून वर ताडपत्री नाहीतर उसाचं वाळकं पाचट टाकलेलं वाकून शिरायचं घर. पुढं मोकळं रान आणि कोप्यांच्या पाठीला लागूनच उसाचा फड. माणसं घाटावरच्या एका वाडीची होती. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी मेंढरं विकून कोयता धरला. गावानं त्यांच्या रस्त्यावर बाभळीच्या काट्या ओढून टाकल्या होत्या आणि हापशावर यायला बंदी केली होती. पाण्याचा टँकर लांब उभा राहायचा, यांनी घागरी घेऊन तिथवर जायचं.

तळावर पहिला ताप आला तो दगडूला. चाळिशीचा गडी, अंगानं भक्कम. दम लागला म्हणून मीच गाडी बोलावून त्याला शहरात पाठवलं. चौथ्या दिवशी मुकादमाच्या मोबाईलवर फोन आला की माणूस गेला, आणि सगळं तिकडंच उरकलं. त्याची बायको गंगूबाई. तळावरच्या दगडावर तिनं बांगड्या फोडल्या तेव्हा मी समोर उभी होते. रडली नाही. मला म्हणाली, “सिस्टर, त्येच व्हते कशावरून?”

“पिशवीवर नाव लिहिलेलं असतं, गंगूबाई.”

“नाव लिवलेलं असंल. पर तोंड कुनी बघितलं?”

 

दगडू गेल्यावर वरून हुकूम आला: तळ चौदा दिवस बंद. कुणी तोडीला जायचं नाही, तळ सोडायचा नाही, सिस्टरनं रोज जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघायचा. मधे एखादा जरी नवा रुग्ण निघाला तर दिवस पुन्हा एकपासून धरायचे. मुकादमानं मला नवी यादी आणून दिली. अकरा कोयते.

“बारावा?” मी विचारलं.

“ती गेली तिच्या गावाकडं. जीप लावून धाडली. अर्धा कोयता ठिवून काय करू, सिस्टर?”

मला ते पटलं. मी त्याची यादी तशीच रजिस्टरात उतरवली. बाराव्या कोपीच्या जागी तीन दगडांची चूल आणि राख तेवढी राहिली होती.

माझा जीव अडकला होता सातव्या कोपीत. तिथं मीरा होती, गंगूबाईची धाकटी जाऊ. वय असेल एकोणीस-वीस, आठवा महिना, पहिलंच. आणि रक्त सात! बाळंतपणाला निदान अकरा असावं लागतं. पहिल्यांदा तपासली तेव्हा नखं खडूसारखी पांढरी होती. मी तिला रक्ताच्या गोळ्या दिल्या, समोर बसवून गिळायला लावल्या, आणि डॉक्टरांना सांगून बसले, “ही माझी जबाबदारी.” सातव्या महिन्यात गंगूबाईनं तळावरच तिची ओटी भरून हातभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. एवढ्या अशक्त पोरीला कोरोना झाला तर दोन जीव जाणार, हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे?

आता तपासणीची तऱ्हा सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. ताप बघायचं पिस्तुल मनगटावर धरायचं. ऑक्सिजनचा चिमटा बोटाला लावायचा. त्यावर आकडा येतो. पंच्याण्णवच्या वर असला की ठीक, खाली आला की धावपळ. नियम प्रत्येक माणसाचा आकडा घ्या असा होता. पण दुपारचं ऊन, अंगात ती प्लास्टिकची पीपीई किट, आत घामाचा नुसता पाट आणि चष्म्यावर वाफ. त्यात माझ्या ओळखीची एक सिस्टर त्याच आठवड्यात गेलेली. माझं धाबं दणाणलं होतं. मी माझा नियम केला: कुणी बाहेर यायचं नाही, कुणी तोंड दाखवायचं नाही. मी कोपीपुढं उभी राहीन, पडद्यातून एक हात बाहेर काढायचा. एका कोपीचा एक हात. एका छपराखाली राहतात, एकाला असेल ते दुसऱ्याला असेल, असं मी स्वतःलाच समजावलं.

माझ्याबरोबर आशा कार्यकर्ती सुमन असायची. ती वही घेऊन पाच पावलं मागं.

पहिले तीनचार दिवस बरे गेले. मी हाक मारायची, “दोन नंबर!” पडद्याची फट हलायची, हात यायचा. उसाचं पान ब्लेडसारखं कापतं म्हणून तोडणाऱ्या बायका हाताला जुने पायमोजे चढवतात. तसे मोजे घातलेले हात, त्यातून बाहेर आलेली तेवढी बोटं. “कसं हाय?” “बरं हाय.” “मालक?” “बरा हाय, निजलाय.” आकडा: अठ्ठ्याण्णव. पुढची कोपी.

पाचव्या दिवशी सुमन माझ्याजवळ सरकली. “सिस्टर, तळ लई गप वाटत नाय का?”

खरंच गप होता. एरवी कोप्यांपुढं पोरं उघडीनागडी खेळायची, कुठं भाकरी थापल्याचा आवाज, कुणाचं तरी भांडण. आता एक पोर दिसत नव्हतं. अकरा कोप्या आणि धूर फक्त दोनतीन चुलींचा. दोन कुत्री सावलीला बसली होती, ती भुंकायचीसुद्धा नाहीत, नुसती आमच्याकडं बघायची. मी म्हटलं, “अगं, बंदी आहे. ऐकतायत शहाण्यासारखी. गावातल्या लोकांपेक्षा बरी.” पण बोलताना माझाच आवाज मला मोठा वाटला.

सहाव्या दिवशी मला पावलं ऐकू आली.

मी तिसऱ्या कोपीवरून चौथीकडं निघाले तर कोप्यांच्या मागं, फडाच्या कडेला, पाचट चुरचुरलं. मी थांबले, तेही थांबलं. मी चालले, तेही चाललं. माझ्या चालीनं. कुत्रं असेल म्हणावं तर कुत्री समोर बसलेली. वारा नव्हता, उसाचं एक पातं हलत नव्हतं. चौथ्या कोपीपुढं मी उभी राहिले, हाक मारली, आणि आत काहीतरी सरपटल्यासारखं झालं. मग हात आला. अठ्ठ्याण्णव.

सुमनचं तोंड उतरलं. “सिस्टर, मागून कुनीतरी चालतंय आपल्यासंगं.”

“फडात रानडुक्कर असेल.”

“डुक्कर असं दबकत चालतं व्हय?” ती कुजबुजली. “दगडू असंल. ना माती मिळाली, ना पिंड ठिवला. त्येला त्येचं घर घावंना झालंय. बारावी कोपी मोडली ना!”

“येडी का काय तू! दहावी शिकलीस ना?” मी ओरडले खरी, पण त्या दिवशी आम्ही बाराव्या चुलीपर्यंत गेलोच नाही, अकराव्या कोपीवरूनच लांबून वळलो.

नंतर ते रोजचंच झालं. आम्ही पुढून, ते मागून. आवाजही चमत्कारिक वाटायला लागले. दुसरीतली बाई आणि पाचवीतली बाई एकाच घशानं बोलतात असं वाटायचं, एक जरा बारीक, एक जरा जाड. पण तोंडाला फडकं बांधून बोलणाऱ्या माणसाचा आवाज कुणी ओळखावा? आणि आकडे तर एकाहून एक छान. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. डॉक्टर फोनवर म्हणाले, “सिस्टर, सगळ्या तालुक्यात तुमचा तळ एक नंबर.” मी खूश. खोटं कशाला सांगू, लई खूश. मुकादम काट्यांच्या पलीकडं मोटारसायकलवर बसून रोज विचारायचा, “काय सिस्टर, समदं ठीक ना?” मी अंगठा दाखवायची.

मीराचा हात मात्र मी निवांत बघायचे. मोजा नसायचा, हिरव्या बांगड्या असायच्या. दहाव्या दिवशी बघते तर नखं गुलाबी! तळवा लालसर. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! “सुमन, बघ, बघ गोळ्यांचा गुण! तू म्हणायचीस ना ही पोरगी गोळ्या थुंकून देते?” हात हळूच आत गेला. आत कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, घरघर लागल्यासारखा. मी विचारलं, “कोण गं?” उत्तर आलं, “मालक घोरत्यात.”

घरी येऊन मी महिन्याचा अहवाल लिहायला बसले. रक्ताच्या गोळ्या किती वाटल्या, कुणाला, कधी. मीराच्या नावापुढं लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. दहा-बारा दिवसांत नखं गुलाबी? सात रक्ताची? अगं बाई, सबंध नोकरीत असं एकदा तरी झालंय का? दोन महिने गोळ्या खाल्ल्यावर कुठं जरा लाली येते. हे कुणाही नवशिक्या पोरीला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला ती लाली माझी वाटली होती.

मग तो हात कुणाचा?

दुसऱ्या दिवशी सातव्या कोपीपुढं उभी राहिले. हाक मारली. मागं पाचट वाजलं. आत सरपटलं. हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला. मी चिमटा लावलाच नाही. दोन्ही हातांनी मनगट धरलं. हात ओढला गेला. मी सोडला नाही. आतून शब्द नाही, ओरडणं नाही, नुसती ओढ. एवढी ताकद त्या हातात, की मी गुडघ्यावर आले. बांगडी फुटून माझा हातमोजा फाटला. मी तसंच डोकं घालून पडदा वर केला.

सुमनची किंकाळी पार गावात गेली असेल. गावाकडं जीपनं धाडलेली गंगूबाई समोर होती.

तिच्या मागं गोधडीवर मीरा. डोळे अर्धे मिटलेले, ओठ निळे, छाती भात्यासारखी हलत होती. पलीकडं तिचा नवरा तापानं फणफणलेला. कोपीच्या पाठीची ताडपत्री उभी फाडलेली होती आणि तिथून सरळ फड दिसत होता. मी मीराचं बोट चिमट्यात धरलं. आकडा चौऱ्याऐंशी.

“किती कोप्या?” मी विचारलं.

“सात.” गंगूबाई खाली बसली. “जीपमदी मी बसलेच न्हाई. आधी एक कोपी व्हती, मग दोन झाल्या. हिची, तिची, समद्यांनी मलाच इनवलं. मुकादम बोलला, ताप दिसला की पुन्ना एकपासून मोजतील, पाऊस पडंस्तवर इथंच कुजाल. मला ताप नव्हता. म्हनून माझा हात.”

“आणि ही? हिचा जीव घ्यायचा होता तुला?”

मी केवढ्यांदा ओरडले! ती माझ्याकडं बघत राहिली. “सिस्टर, त्येंला तुमीच गाडीत घातलं. परत आले का? हिला घातली म्हंजी ही बी गेली. इथं निदान माझ्या डोळ्याम्होरं हाय. मी पानी पाजते, पाठ चोळते. तिथं कोन हाय तिचं?”

त्या बाईचा नवरा जाऊन महिना झाला नव्हता. माझ्यासमोर तिनं बांगड्या फोडल्या होत्या. आणि जावेचा हात म्हणून ती रोज दुपारी हिरवा चुडा भरत होती आणि मी पुढं सरकले की उतरवत होती. भरताना तिला काय वाटत असेल, ते विचारायची माझी छाती झाली नाही. नंतरही नाही.

मी म्हटलं, “गंगूबाई, इथं ठेवली तर उद्या सकाळ बघणार नाही. ती नाही, बाळ नाही. गाडीत घालू दे. तू बरोबर चल.”

“मला घेत्यात?”

“कसे घेत नाहीत तेच बघते!”

गाडीवाला म्हणाला, नातेवाईक घ्यायचा नियम नाही. मी गाडीपुढं आडवी उभी राहिले. म्हटलं, घालायची असेल तर माझ्या अंगावरून घाल गाडी. शेवटी कागदावर ‘सोबत: एक’ एवढं लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत सातही कोप्या कन्नडच्या कोविड सेंटरला हलवल्या. मुकादमाची मोटारसायकल काट्यांपलीकडं नव्हती.

सेंटर म्हणजे पोरांचं वसतिगृह, त्यात खाटा टाकलेल्या. मीराला ऑक्सिजन लागला. तिसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या आणि महिनाभर आधीच मुलगा झाला, दोन किलोलाही कमी. पण रडला! तळाची सगळी माणसं हळूहळू सावरली. आणि त्या सगळ्यांत धावत होती गंगूबाई. हिला पाणी, त्याला पेज, मीराचं बाळंतपण, पोराला कापसाच्या बोळ्यानं दूध. तिथल्या सिस्टर म्हणायच्या, “ही बाई नसती तर आम्ही मेलो असतो.” तपासणीच्या किट कमी होत्या, त्या लक्षणं असलेल्यांसाठी राखून ठेवलेल्या. ही तर पायावर उभी होती, आणि तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तळाची यादी माझ्याच रजिस्टरावरून गेलेली. अकरा कोयते.

पाचव्या दिवशी मी गेले तर ती वऱ्हांड्यात बाळाची फडकी वाळत घालत होती. मला बघून हसली. तोंडाला फडकं होतं पण डोळ्यांवरून कळलं. हात पुढं करून म्हणाली, “घेता का आज? सवय लागलीया मला.”

चिमटा माझ्या खिशातच होता. मी हसले. म्हटलं, “तुझा कशाला? तुझा आकडा पाठ झालाय मला. सात सात वेळा घेतलाय.”

तीही हसली आणि बादली उचलून आत गेली. जिना चढताना मधे एकदा थांबली, कठड्याला धरून. मी पाहिलं ते. दमली असेल, म्हटलं.

या रोगाची एक खोड होती. ऑक्सिजन उतरत जातो आणि माणूस बोलत असतो, हसत असतो, कामं करत असतो. मीच गावोगाव जाऊन लोकांना हे सांगायचे. भिंतीवर चित्र लावून सांगायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गंगूबाई पाण्याच्या टाकीला टेकून बसली ती उठली नाही. चिमटा लावला तेव्हा आकडा चोपन्न. तिथली सिस्टर म्हणाली, मशीन बिघडलं असेल, म्हणून दुसरं आणलं. त्यावरही तोच. दिवस मावळायच्या आत ती गेली. मी तिथं भांडण केलं, डॉक्टरांच्या पाया पडले, आणि पिशवी बंद करायच्या आधी मीराला खिडकीच्या काचेतून तोंड दाखवून घेतलं. मीरा काचेला हात लावून “अक्का, अक्का” करत होती. एवढं मात्र मी करून घेतलं.

पोर दीड महिन्याचं झालं तेव्हा मीरा त्याला पहिल्या डोसासाठी माझ्याकडंच घेऊन आली. त्यांच्या वाडीला वेगळं उपकेंद्र आहे, तरी जीप करून माझ्याकडं आली. पोर बाळसं धरत होतं. तिनं त्याची मांडी धरली, मी सुई भरली, आणि ती म्हणाली, “सिस्टर, अक्काला आधी तपासलं नव्हतं का कुनी? तुमी तर रोज यायच्या.”

मला खोटं बोलता आलं असतं. रजिस्टरात तिचे अठ्ठ्याण्णव भरभरून होते, दुसऱ्यांच्या नावांपुढं.

“नाही घेतला तिचा आकडा, मीरा,” मी म्हटलं. “आदल्या दिवशी तिनं हात पुढं केला होता. मला वाटलं, ती बरी आहे.”

पोराला टोचून झालं, ते कळवळून रडलं, तिनं त्याला उरी धरलं आणि ताप आला तर द्यायच्या गोळ्या पदरात बांधल्या. जाताना “येते” म्हणाली नाही. अडीच महिन्याच्या डोसाला मी सकाळपासून वाट बघितली. ती आली नाही. मग तिच्या वाडीच्या सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, “हो, आले होते की मायलेक सकाळीच. दिलाय डोस. वजनही छान भरलंय.” मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि माझ्या रजिस्टरात पोराच्या नावापुढं लिहिलं: दुसरीकडे घेतला.